पांढर उकरणारे : मेसा व्हर्डीचं वेदरिल कुटुंब

आमच्या लहानपणी कुंभार पिंपळगावात माळवदाची घरं पुष्कळ होती. दगडामातीच्या रुंद भिंती, वर लाकडं, लाकडांवर काड्याकुड्यांचा थर आणि सगळ्यात वर पांढरीची माती. आमच्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ती छपरावर घातली तर घर गळणारच. पांढरी माती मात्र धरून बसते. ती मिळायची जुन्या, उठून गेलेल्या वस्त्यांच्या टेकाडांवर. शेकडो वर्षं माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, त्यांच्यावर पुन्हा भिंती उठल्या. त्या सगळ्याची राख-माती म्हणजे पांढर. मृगाच्या आधी तिथं बैलगाड्या लागायच्या. माळवदावर टाकून उरलेली माती शेतात खत म्हणून जायची.

वडिलांबरोबर मीही जायचो. कुदळीसरशी खापरं निघत, मणी निघत, कधी शंखाच्या बांगडीचा तुकडा निघे. एकदा एक अख्खं मडकं निघालं. ओंजळीत मावेल एवढं, लाल, काठ इतका पातळ की दाबायची भीती वाटावी. आम्ही पोरांनी ते बांधावरच्या दगडावर ठेवलं आणि नेम धरून फोडलं. वडील काही बोलले नाहीत. त्यांना माती हवी होती.

पुढं १९७३ साली भोकरदनला उत्खनन झालं. जालना जिल्हा तेव्हा व्हायचा होता. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून केलेल्या त्या कामाचा देव आणि गुप्ते यांनी लिहिलेला अहवाल मी बऱ्याच वर्षांनी वाचला. सातवाहनांच्या काळातलं भोगवर्धन, तिथली हस्तिदंती मूर्ती, तिचं थेट इटलीतल्या पाँपेईला सापडलेल्या मूर्तीशी असलेलं साम्य. हे सगळं निघालं होतं आम्ही छपरावर टाकायचो तसल्याच मातीतून. तेव्हापासून जुन्या जागा उकरणाऱ्या माणसांविषयी मला जरा जास्तच कुतूहल आहे. त्यातही जे विद्यापीठातून आले नाहीत, ज्यांचा पोटाचा धंदा दुसराच होता, अशांविषयी.

असं एक कुटुंब मला दोन वर्षांपूर्वी भेटलं, म्हणजे त्यांचं नाव भेटलं. मुलगी डेन्व्हरला असते. तिच्या आग्रहानं आम्ही कोलोरॅडोच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातलं मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यान पाहायला गेलो. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं ताडोबा येतं, वाघ येतो. इथं वाघाचा प्रश्नच नाही. उंच, सपाट माथ्याचं पठार, त्याला खोल घळींच्या भेगा, आणि त्या घळींच्या कड्यांत, वरून खडकाचं छप्पर पुढं आलेलं असतं अशा कपारींत, दगडी गावं. आठशे वर्षांपूर्वीची. त्यातलं सगळ्यात मोठं ते ‘क्लिफ पॅलेस’: दीडशेच्या आसपास खोल्या आणि किव्हा म्हणतात ती तेवीस गोल, जमिनीत उतरलेली विधिस्थानं. शिड्या चढून-उतरून, वनरक्षकाच्या मागोमाग रांगेत जावं लागतं. पठाराच्या एका सोंडेचं नाव ‘वेदरिल मेसा’ असं नकाशावर होतं. वेदरिल कोण, असं मी विचारलं. तो तरुण रक्षक जरा थांबला आणि म्हणाला, त्यावर लोकांची मतं वेगवेगळी आहेत. एवढ्या उत्तरावर माझी पुढची दोन वर्षं गेली.

बेंजामिन काइट वेदरिल हा क्वेकर पंथाचा माणूस. पेन्सिल्व्हेनिया हे घराण्याचं मूळ. कॅन्ससमधून पश्चिमेला सरकत सरकत १८८० च्या सुमारास तो मँकोस नदीच्या खोऱ्यात आला आणि तिथं त्यानं गुरांचा वाडा उभा केला. नदीकाठच्या झाडांवरून त्याचं नाव पडलं ‘अलामो रँच’. पाच मुलगे: रिचर्ड, अल, जॉन, क्लेटन आणि विन. एक मुलगी, ॲना. तिचा नवरा चार्ली मेसन. म्हातारा आजारी असायचा, कारभार थोरल्या रिचर्डकडं. खोऱ्याच्या खालच्या अंगाला यूट या आदिवासींचं राखीव क्षेत्र सुरू होत होतं. इतर गोरे पशुपालक आणि यूट यांच्यात रोजचे खटके उडत. वेदरिलांशी मात्र त्यांचं बरं होतं. भुकेला यूट दारात आला तर त्याला जेवण मिळे. म्हणून त्यांची गुरं हिवाळ्यात मँकोसच्या घळीत यूटांच्या जमिनीवर चरू शकत. पुढचं सगळं या एका परवानगीमुळं घडलं, आणि ती यूटांची होती, हे विसरून चालणार नाही.

घळीच्या तोंडाशी लहान लहान घरं होती, ती आधीपासून माहीत होती. छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सननं १८७४ सालीच तिथली छायाचित्रं काढली होती. पण आतल्या एका घळीत, सगळ्यात मोठं घर आहे, असं अकोविट्झ नावाच्या यूट माणसानं रिचर्डला सांगितलं होतं. यूट स्वतः तिकडं जात नसत. मेलेल्यांच्या जागा त्या. १८ डिसेंबर १८८८ रोजी रिचर्ड आणि चार्ली मेसन चुकार गुरं शोधत पठारावरून चालले होते. बर्फ पडत होता. घळीच्या काठाशी आले आणि समोरच्या कपारीत त्यांना तो ‘राजवाडा’ दिसला. ओंडके बांधून शिडी केली नि खाली उतरले. खोल्यांत मडकी जागच्या जागी होती. माणसं नुकतीच उठून गेल्यासारखी. पुढच्या चोवीस तासांत त्यांनी आणखी दोन मोठी गावं पाहिली, ‘स्प्रूस ट्री हाउस’ आणि ‘स्क्वेअर टॉवर हाउस’.

ही हकिगत प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच जरा जपून घ्यायला हवी. चार्ली मेसननं ती डेन्व्हरच्या वर्तमानपत्रात सांगितली १९१७ साली, म्हणजे जवळपास तीस वर्षांनी; रिचर्ड तोवर मरून सात वर्षं झाली होती. धाकटा अल आयुष्यभर म्हणत राहिला की तो राजवाडा आपण त्याआधीच खालून पाहिला होता, पण दिवसभराच्या चालीनं थकलो होतो म्हणून वर चढलो नाही. भावाभावांतली ही कुरबूर मला त्या बर्फातल्या चित्रापेक्षा खरी वाटते. आमच्याकडंही विहिरीला पाणी कुणाच्या पायगुणानं लागलं यावर दोन पिढ्या वाद चालतात. शिवाय ‘शोध’ हा शब्दच इथं जरा जड होतो. अकोविट्झला ठाऊक होतं ते रिचर्डनं पाहिलं, एवढंच.

आपल्याला हे नवं नाही. १८१९ च्या एप्रिलात मद्रास फौजेचा जॉन स्मिथ शिकारीच्या नादात वाघूर नदीच्या काठी आला आणि अजिंठ्याची लेणी ‘सापडली’. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्यानं आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली, ती अजून आहे. जालन्याला इंग्रजी फौजेची छावणी होती. पुढच्या काळात हौशे-नवशे अधिकारी अजिंठ्याला जात, मशाली लावून भित्तिचित्रं पाहत, कुणी एखादा तुकडा खरवडून सोबत नेई. लेणापूरच्या माणसांना लेणी ठाऊक नव्हती असं कोण म्हणेल? पण नाव खांबावर लागतं ते बाहेरून आलेल्याचं. वेदरिल बंधूंनीही नावं लिहिलीच, शेकडो ठिकाणी, कोळशानं नि चाकूनं. त्या नावांची पुढं एक गंमत झाली, ती नंतर सांगतो.

पहिल्या हिवाळ्यात ते आणि त्यांचे सोबती फावडी घेऊन कपारीत उतरले. मडकी, पाणपेले, दगडी कुऱ्हाडी, युक्काच्या धाग्यांची पायताणं, हाडांच्या सुया, आणि कोरड्या हवेत टिकून राहिलेली प्रेतं. हा संग्रह त्यांनी आधी ड्युरँगो गावात मांडला. लोकांना त्यात फारसा रस वाटला नाही. मग एका लहान मुलाचा सुकलेला देह सापडला आणि तो ठेवताच गर्दी झाली. संग्रह शेवटी डेन्व्हरच्या इतिहास संस्थेनं तीन हजार डॉलरला घेतला. गुरांच्या धंद्यात कर्ज काढून जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम लहान नव्हती. मुलाच्या देहाविषयी मी इथं थांबतो. वाचताना मला पुढं जायला दोन दिवस लागले होते.

बातमी पसरली तसे पाहुणे यायला लागले. माझ्या मते या कुटुंबाचं खरं वेगळेपण इथं आहे. मेसा व्हर्डीत तेव्हा रस्ता नाही, खाणावळ नाही, पाण्याची सोय नाही. ड्युरँगोपर्यंत रेल्वे १८८१ मध्ये आलेली. मँकोसला ती पोचली १८९१ मध्ये. पाहुण्यानं वेदरिलांकडं मुक्काम करायचा, घरच्या बायकांनी रांधलेलं जेवायचं, सकाळी घोड्यावर बसायचं. खेचरांवर अंथरूण-पांघरूण नि शिधा. मँकोसच्या घळीतून वाट, रात्री उघड्यावर मुक्काम, मग झाडं-दगड धरत वर चढणं. वाटाड्या म्हणून भावांपैकी कुणीतरी सोबत. कोणती खोली कशाची, हे तो आपल्या समजुतीप्रमाणं सांगणार. आज ज्याला आपण ‘गाइडेड टूर’ म्हणतो, ‘होम स्टे’ म्हणतो, ते सगळं या घरानं कुणाकडून न शिकता उभं केलं. बारा-तेरा वर्षांत शेकडो माणसं त्या अंगणातून गेली. गिर्यारोहक फ्रेडरिक चेपिन आला, त्यानं १८९२ मध्ये पुस्तक लिहिलं. ॲलिस ईस्टवूड ही वनस्पतिशास्त्रज्ञ आली. घोडी सांभाळणं, भाकरी थापणं, वाट दाखवणं हे उत्पन्न गुरांच्या उत्पन्नाला टेकू देऊ लागलं. घरच्या बायकांच्या कामाची नोंद मात्र कुठल्याच पुस्तकात एका वाक्यापलीकडं जात नाही. शेकडो पाहुण्यांचं रांधणं म्हणजे काय, हे पंढरीच्या वाटेवर ज्यांचं घर आहे त्यांना विचारावं.

आता या कुटुंबाच्या चारित्र्याची खरी गुंतागुंत. म्हाताऱ्या बेंजामिननं १८८९-९० च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्रं लिहिली. त्यांचा आशय असा होता की या जागेचं राष्ट्रीय उद्यान करा, नाहीतर येणारे पर्यटक तिची धूळधाण करतील. आम्ही काम करायला तयार आहोत, तुम्ही देखरेख करा. यलोस्टोनला राष्ट्रीय उद्यान होऊन तेव्हा अठरा वर्षंच झाली होती. तीही डोंगर-झऱ्यांची जागा. माणसांच्या जुन्या वस्तीसाठी उद्यान ही कल्पना एका गुराख्याच्या डोक्यात आली होती. उत्तर आलं की पैसा नाही. आणि हा पत्रव्यवहार चालू असताना मुलगे कपारीत खोदत होते, विकत होते. ढोंग? मला तसं वाटत नाही. ज्याच्याकडं गोष्ट राखण्याची ताकद नाही आणि जो रोज तिच्यावरच जगतो, त्याची दोन मनं असतातच.

१८९१ च्या उन्हाळ्यात गुस्ताफ नॉर्डनशॉल्ड आला. स्वीडनचा, तेवीस वर्षांचा, क्षयानं पोखरलेला. बाप एडॉल्फ एरिक हा युरोप-आशियाच्या उत्तरेकडून जहाज नेणारा नामांकित संशोधक. तो आठवडाभरासाठी आला आणि उन्हाळाभर राहिला. वेदरिलांना त्यानं मजुरीवर ठेवलं आणि फावड्याऐवजी थापी हातात दिली. कुठली वस्तू कुठल्या खोलीत, कुठल्या थरात, हे लिहून ठेवायला शिकवलं. सहाशेच्या आसपास वस्तू त्यानं खोक्यांत भरून ड्युरँगोच्या स्थानकावर आणल्या आणि तिथं त्याला अटक झाली. शहरात संताप होता, पण मोडला असा कायदाच नव्हता. त्याला सोडावं लागलं. त्याचं पुस्तक १८९३ साली निघालं, त्या भागातलं पहिलं शास्त्रशुद्ध काम. दोन वर्षांनी तो वारला. संग्रह फिनलंडच्या एका धनिकानं विकत घेतला आणि तो हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला.

त्या परदेशी पोरानं दिलेली थापी रिचर्डनं खाली ठेवली नाही. शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात वेदरिलांचे संग्रह लाखो लोकांनी पाहिले. तिथं साबणाच्या कारखानदारीतून गब्बर झालेल्या हाइड घराण्यातले दोन भाऊ त्याला भेटले आणि त्यांनी खर्च उचलला. त्याच हिवाळ्यात यूटाच्या ग्रँड गल्च भागात खोदताना रिचर्डला कपारीतल्या घरांच्या खाली आणखी एक थर लागला. त्यातल्या माणसांकडं मडकी नव्हती, सुंदर विणलेल्या टोपल्या होत्या, कवट्यांची ठेवण वेगळी होती. हे आधीचे लोक, असं त्यानं पत्रातून कळवलं. खालचा थर जुना, वरचा नवा, ही आज शाळेतल्या पोराला माहीत असलेली गोष्ट तेव्हा अमेरिकेत फारसं कुणी वापरत नव्हतं. शहाण्या लोकांनी संशय घेतला की गुराख्यानं विक्रीसाठी नवी जमात बनवली. वीस वर्षांनी विद्यापीठांच्या खोदकामात तेच निघालं, आणि ‘बास्केटमेकर’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत बसला.

शब्दांचंच निघालं म्हणून. या प्राचीन लोकांना वेदरिल ‘अनासाझी’ म्हणत. नवाहो भाषेतला शब्द, अर्थ साधारण ‘परक्यांचे, वैऱ्यांचे पूर्वज’ असा. तो जगभर रूढ झाला. पण या लोकांचे वंशज आहेत, जिवंत आहेत: होपी, झुनी आणि रिओ ग्रांदे नदीकाठची प्वेब्लो गावं. शेजाऱ्यानं ठेवलेल्या नावानं आपल्या आजाला हाक मारलेली त्यांना कशी रुचेल? आता ‘पूर्वज प्वेब्लो’ असं म्हणतात.

१८९५ मध्ये पामर नावाचं एक गायक-वादक कुटुंब पाहुणं म्हणून आलं आणि त्यांना रिचर्डनं न्यू मेक्सिकोतल्या चाको घळीत नेलं. तिथलं प्वेब्लो बोनितो हे सहाशेहून अधिक खोल्यांचं एकाच इमारतीतलं नगर पाहून तो तिथलाच झाला. पामरांच्या मारिएटाशी त्यानं १८९६ च्या डिसेंबरात लग्न केलं आणि भग्नावशेषांना चिकटून घर नि दुकान थाटलं. हाइडांच्या पैशांवर, न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी, मोठं उत्खनन चाललं; अंगमेहनत नवाहो मजुरांची. मालाची खोकी पूर्वेकडं रवाना व्हायची. तक्रारी सुरू झाल्या. न्यू मेक्सिकोतला शिक्षणतज्ज्ञ एडगर ह्यूएट त्यात पुढं होता. रिचर्डनं प्वेब्लो बोनितोच्या जमिनीवर वसाहतदार म्हणून हक्क सांगितला तेव्हा तर आगीत तेलच पडलं. सरकारनं खोदकाम बंद पाडलं, चौकशी बसवली. पुराणवस्तूंच्या रक्षणाचा देशातला पहिला कायदा ८ जून १९०६ ला झाला. त्याचा मसुदा ह्यूएटचा, आणि मसुद्यामागचं एक निमित्त रिचर्ड वेदरिल. त्यानंतर तीन आठवड्यांत, २९ जूनला, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मेसा व्हर्डीच्या कायद्यावर सही केली. म्हाताऱ्यानं मागितलं होतं ते उद्यान सोळा वर्षांनी झालं.

ते झालं कोलोरॅडोतल्या बायकांमुळं. व्हर्जिनिया मॅकक्लर्ग आणि ल्यूसी पीबडी यांनी वर्षानुवर्षं भाषणं दिली, खासदारांना गाठलं, पैसे जमवले. वेदरिलांचं काय झालं? बेंजामिन १८९८ मध्ये वारला. अलामो रँच कर्जात गेला आणि १९०२ मध्ये विकला गेला. उद्यान झालं तेव्हा मँकोसमध्ये त्यांच्यापैकी कुणाचं काही उरलं नव्हतं. त्यांनी तयार केलेल्या वाटांवरून दुसऱ्यांनी पाहुणे न्यायला सुरुवात केली. आणि एक गंमत: नकाशे नीट पाहिल्यावर कळलं की बहुतेक मोठी कपारगावं नव्या उद्यानाच्या हद्दीबाहेर, यूटांच्या जमिनीवर पडली आहेत. मग यूटांशी जमिनीची अदलाबदल करायचं ठरलं, आणि बदल्यात मिळालेला डोंगर मुळातच आमचा होता, ही यूटांची तक्रार आजही आहे. परवानगी देणाऱ्याच्या वाट्याला हे आलं.

२२ जून १९१० रोजी चाको घळीत रिचर्डला एका नवाहो माणसानं गोळी घालून ठार केलं. कारण एका घोड्यावरून झालेली मारहाण. त्यामागं उधारीचे, गुरांचे, सरकारी अधिकाऱ्याशी असलेल्या वैराचे किती धागे होते यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. मारणाऱ्यावर खटला चालून शिक्षा झाली. रिचर्डची कबर प्वेब्लो बोनितोच्या जवळच आहे.

त्याचा भाऊ जॉन मात्र वेगळ्या वाटेनं गेला, आणि माझा कल त्याच्याकडं आहे हे लपवत नाही. त्याची बायको लुईसा. दोघांनी नवाहो प्रदेशात आडवाटेला दुकान टाकलं, आधी ओल्हाटोला, मग १९१० पासून कायेंटाला. लोकर, ब्लँकेटं घ्यायची. पीठ, कॉफी, कापड द्यायचं. लुईसा नवाहो भाषा घरच्यासारखी बोलायची. आजारी माणसं, भांडणं, वाटण्या तिच्यापुढं येत. दुकानाच्या मागं पाहुण्यांच्या खोल्या. जॉन त्यांना घेऊन आठ-आठ दिवस घोड्यावर फिरायचा. १४ ऑगस्ट १९०९ ला ‘रेनबो ब्रिज’ ही प्रचंड नैसर्गिक कमान पाहायला दोन सरकारी-विद्यापीठीय तुकड्या गेल्या, तेव्हा वाटाड्या जॉन होता. पण खरी वाट दाखवली पैयूट जमातीच्या नास्जा बेगेनं. तिथं आज त्याच्या नावाचा फलक आहे. कादंबरीकार झेन ग्रे जॉनच्या खोल्यांत राहिला. १९१३ मध्ये माजी अध्यक्ष रूझवेल्ट मुलांसह आले. जवळच्या बेटाटाकिन आणि कीट सील या कपारगावांसाठी १९०९ मध्येच ‘नवाहो राष्ट्रीय स्मारक’ झालं होतं, आणि त्याचा राखणदार म्हणून सरकारनं जॉनला नेमलं. जवळपास तीस वर्षं तो त्या जागेवर होता. म्हणजे एका भावामुळं कायदा करावा लागला आणि दुसऱ्या भावावर तो पाळवून घेण्याचं काम आलं.

आता त्या सह्यांची गंमत. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात काही हौशी अभ्यासकांनी ग्रँड गल्चच्या कपारी पुन्हा पालथ्या घातल्या. वेदरिल आणि त्यांच्या सोबत्यांनी भिंतींवर लिहिलेली नावं-तारखा त्यांनी उतरवून घेतल्या आणि संग्रहालयांतल्या जुन्या याद्यांशी ताडून पाहिल्या. त्यामुळं शंभर वर्षं ‘यूटा’ एवढीच चिठ्ठी लावून पडलेल्या वस्तू नेमक्या कुठल्या कपारीतल्या हे कळलं. भिंत खराब करणारी अक्षरंच दाखला ठरली. जॉन स्मिथच्या सहीचा असा काही उपयोग व्हायचा अजून बाकी आहे.

मेसा व्हर्डीहून मी पाणपेल्यांची नि हंड्यांची छायाचित्रं आणली होती. पांढऱ्यावर काळी नक्षी, आणि स्वयंपाकाची मडकी बाहेरून खवल्या-खवल्यांची. दसऱ्यानंतर आमच्या गावात कुंभारवाड्यात गेलो, एका वयस्क कुंभाराला दाखवली. पणत्यांची घाई चालली होती, तरी त्यांनी हात पुसून मोबाईल घेतला, छायाचित्र मोठं करून बराच वेळ पाहिलं.

“गुरुजी, हे चाकावरचं न्हाई,” ते म्हणाले. “वळ्या लावून केलंय. हे बघा, बोटाचे दाब तसेच ठिवलेत. चूल लवकर धरती अशानं.”

बरोबर होतं. त्या लोकांकडं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक चढवून ते भांडं उभं करत आणि रांधायच्या भांड्यावरचे दाब मुद्दाम राहू देत. मला हे एका जाडजूड ग्रंथातून कळलं होतं.

“हायेत का ह्यांची माणसं अजून?”

हायेत, मी म्हणालो. अजून मडकी करतात. मेसा व्हर्डीशी नातं सांगणाऱ्या सव्वीस जमाती आहेत.

“मग त्यांना इचारलं का कुणी, माल नेताना?”

तेव्हा नाही, मी म्हणालो, आणि हेलसिंकीची गोष्ट सांगितली. नॉर्डनशॉल्डच्या खोक्यांतून गेलेले वीसेक माणसांचे अवशेष आणि त्यांच्यासोबत पुरलेल्या अठ्ठावीस वस्तू फिनलंडनं २०२० साली परत केल्या. होपी, झुनी आणि इतर प्वेब्लोंच्या लोकांनी ते अवशेष आणून मेसा व्हर्डीतच, कुणाला न सांगितलेल्या जागी, पुन्हा मातीत ठेवले. एकशे एकोणतीस वर्षांनी.

ते ऐकत होते. मग मी त्यांना आमचं बांधावरचं मडकं सांगितलं, जे आजवर घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. केवढं होतं, काठ कसा होता, रंग कसा. त्यांनी चाकावर मातीचा गोळा ठेवला, दोन फेऱ्यांत तेवढंच काहीतरी उभं केलं आणि माझ्याकडं पाहिलं. काठ याहून पातळ होता, मी म्हणालो. त्यांनी बोटानं तो आणखी ओढला. भांडं बसलं. पुन्हा गोळा केला, पुन्हा चाक फिरवलं. तिसऱ्यांदा बसल्यावर म्हणाले, माती तशी ऱ्हायली न्हाई आता, आणि पणत्यांकडं वळले.